पात्याच्या पोटात मी आणि बाहेर सभा

स्टेनव्हीग, १४ मे

प्रिय बोडिलताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर दुखते, का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? बॉर्नहोम बेटाची हवा अजून मानवते ना? फ्लेमिंगभावोजी गेल्यापासून तू हेरिंग मासे आणतच नाहीस, एकटीसाठी कोण करत बसणार म्हणतेस, असं कानावर आलं. हे बरं नव्हे. एकट्या माणसानेही नीट जेवावं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. फक्त गावाची पवनचक्की उतरवली.

एकोणतीस वर्षं फिरली बिचारी. तू ज्या कारखान्यात काचेच्या जाळ्यांवर राळ थापायचीस तिथेच तिची पाती घडली, म्हणून सविस्तर कळवतो. खांब आणि यंत्र भंगारवाल्याने हसत हसत नेलं. दोन पाती उतरवतानाच चिरली, तीही कुठेशी गेली. तिसरं मात्र धडधाकट, एकोणीस मीटर लांब, धक्क्याजवळच्या कुरणात पडून आहे आणि त्याचं करायचं काय हे कोणालाच सुचत नाही. मी कचरा केंद्रावर लोनबाईंना विचारायला गेलो. तुला माहीत आहेच, त्यांच्याकडे एकोणीस डबे आहेत आणि चुकीच्या डब्यात बूच टाकलेला माणूस त्या जन्मभर विसरत नाहीत. त्यांनी विचारलं, लाकूड आहे का? म्हटलं, आत थोडं आहे. काच? आहे, पण राळेत मुरलेली, सुटी होत नाही. प्लास्टिक? म्हटलं तर आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "थोर्किल, 'म्हटलं तर' नावाचा डबा माझ्याकडे नाही." आणि फाटक लावून घेतलं.

मग गावात दोन तट पडले. चक्की साऱ्या गावाच्या भागीदारीतली, तेव्हा प्रत्येकाला मत. आयनार अध्यक्ष (तेव्हा तोही तुझ्याच कारखान्यात होता). त्याचं म्हणणं, पात्याचे तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत द्यावेत, जळून राख सिमेंटमध्ये जाईल, विषय संपला. (या माणसाने आजवर एकही विषय संपवलेला नाही. बाकाला रंग कोणता द्यायचा हे त्याने सहा सभा पुढे ढकललं. या पात्याचीच त्याला एवढी घाई का, हे मला कोडं होतं.) माझं म्हणणं, पातं उभं चिरावं आणि दोन्ही अर्धे धक्क्यावर उताणे नाही, पालथे बसवावेत, म्हणजे फेरीबोटीची वाट बघणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर होईल. ज्याने एकोणतीस वर्षं आपले दिवे लावले त्याला भट्टीत घालायचं, हे मला सहन होत नाही, स्पष्टच सांगतो.

शनिवारी सभा ठेवली ती कुरणातच, पात्याशेजारी, टेबलं-खुर्च्या, कॉफी आणि दालचिनीचा केक मांडून. मी जरा लवकर गेलो. आता तू म्हणशील, तुला काय नडलं होतं? पण ताई, मी पोस्टमन म्हणून अडतीस वर्षं गावाला बंद पाकिटं वाटली आणि एकही फोडून बघितलं नाही. एवढी साठलेली उत्सुकता कुठेतरी बाहेर पडणारच. पात्याचं बूड पोकळ, माणूस जाईल एवढं. विजेरी घेऊन शिरलो. आत सगळीकडे चहासारखा पिवळट उजेड झिरपत होता, वाळलेल्या राळेचा वास, आणि ठोकलं की लांबवर आवाज जायचा. फार सुंदर जागा आहे. तशीच पुढे अरुंद होते. तिथे माझा कमरेचा पट्टा तडितरक्षक तारेत अडकला. ना पुढे, ना मागे. लाथा झाडताना एक बूटही निसटून कुरणात पडला.

तेवढ्यात लोक जमले. मी ओरडलो. आयनार बुडाशी वाकून म्हणाला, "थोर्किल, तुझा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नाही. 'आयत्या वेळच्या विषयां'त घेऊ." आणि कोणालाही यात गैर वाटलं नाही! रीतीप्रमाणे आधी गाणं झालं (मीही आतून म्हटलं, आवाज छान घुमला), मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग कॉफी. मला केक काठीला टोचून दिला तो गुडघ्यापर्यंतच पोहोचला. मतदान झालं. चौदा विरुद्ध चौदा. माझं मत पंधरावं, म्हणून मी बुडाशी असलेला पाय हलवला. पाऊण तास वाद झाला. नियम म्हणतो, हात वर करावा; पाय धरला नाही. निर्णय पुढे ढकलला. नंतर आयत्या वेळच्या विषयात मला पायाला धरून ओढून काढलं. ओढणारा खुद्द आयनार.

बाकी ठीक. गुडघ्याला जप.

तुझा,
थोर्किल

ता. क. तुझी सात नंबरची भागीदारी तू बॉर्नहोमला गेलीस तरी काढून घेतली नाहीस, हे वहीत सापडलं. सभेने ठरवलंय, झालेलं मतदान (माझा पाय सोडून) कायम, आता तुझ्या एका मतावर निकाल. सोबत चिठ्ठी आहे. खूण करून पोस्टाने पाठवलीस तरी चालतं.

ता. क. २. छपराला मत दे असं लिहिणार होतो, पण भाऊ आहे म्हणून आधी हे सांगतो. चार मीटर आत पेन्सिलीने लिहिलेलं आहे. अक्षर तुझं : 'आयनारने विचारलं, तर हो म्हणेन.' त्याखाली दुसरं अक्षर (गावातलं प्रत्येक अक्षर मी ओळखतो) : 'सोमवारी विचारतो.' पात्याचे दोन अर्धे सोमवारी सकाळी आठलाच चिकटवायचे, हे तूच सांगायचीस. म्हणजे तू लिहून घरी गेल्यावर त्याने लिहिलं आणि पातं बंद झालं; खालची ओळ तू वाचलीच नसशील. कोणत्या सोमवारी, हे मात्र त्याने लिहिलेलं नाही. छप्पर झालं तर फेरीबोटीसाठी उभा राहणारा जो तो मान वर करून हे वाचेल. भट्टीत गेलं तर कोणीच नाही. तू म्हणशील तसं.

ता. क. ३. मला बाहेर काढल्यावर आयनारने बाजूला घेऊन विचारलं, "किती आत गेला होतास?" मी म्हटलं, "चार मीटर." तो कानापर्यंत लाल झाला. काल घरी आला. कॉफीत चार खडे साखर ढवळली. मग म्हणाला, "बोडिलला लिही. अध्यक्ष म्हणून सांगतो, पोस्टाने आलेलं मत धरणार नाही. तिला स्वतःच यावं लागेल." तो गेल्यावर मी नियमावली दोनदा वाचली, ताई. असा नियम नाही.