पहिलं नाव रंभाबाईचं

अक्कलकोट, १० फेब्रुवारी २०२५

जित्या माणसाची अशी चेष्टा करायला तुला पुण्याच्या कंपनीत शिकवलं का गं?

चि. ऋतुजास आजी रंभाबाईचा आशीर्वाद. शेजारच्या ईरम्माचे डोळे दाखवायला सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या नव्या दवाखान्यात गेलो. मी नुसती सोबतीला. तर भिंतीवरच्या टीव्हीवर नंबर पहिला, रंभाबाई महिपती. आणि फुडं काय? आजार : तिखट जीभ. सगळा दवाखाना हसला. ईरम्माला एरवी म्हैस दिसत न्हाय, पण हे तिनंबी वाचलं. तितली पोरगी म्हणाली, नंबर लावायचा प्रोग्राम सात रस्ता चौकातल्या आदिनाथच्या कॉम्प्युटरच्या दुकानातनं घेतलाय, तेवढं नाव काय केल्या पुसत न्हाय. म्हंजे तू आणि तुझा चुलतभाऊ मिळून म्हातारीची फजिती करताय व्हय?

फोन करू नको, फोनवर तू नुसती हसतेस. लिहून कळव. माया ऱ्हाऊ दे, पण माझं नाव तितनं काढ.

तुझी आजी


पुणे, १५ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तो प्रोग्राम आदिनाथदादाचा नाही गं. मी इथं कंपनीत वर्षभर बसून लिहिलाय. तू भांड्यांवर नाव घालून घेतेस ना, तशी मी प्रत्येक प्रोग्राममध्ये पहिली नोंद तुझी करते. कंपनीनं तो अजून बाहेर कुणालाच दिलेला नाही.

दिवाळीत दादा माझा लॅपटॉप मागत होता, मी नको म्हणत होते. तू म्हणालीस, भावाला बघू दे की, बघून काय झिजतंय. मी दिला आणि करंज्या तळायला आत आले. त्यानं नुसतं बघितलं नाही, सगळं उतरवून घेतलं. माझ्या डोक्यातून आलं तरी ते कंपनीचं आहे, तशी मी सही केलीय. तो बाहेर चालतोय हे कंपनीलाही कळलंय, कुणी दिला याची इथं चौकशी सुरू आहे. बोलले तर दादावर केस, गप्प बसले तर माझी नोकरी जाणार, वर चोर ठरणार. दादा फोन उचलत नाही. काय करू?

हवं तेवढं रागव, पण माझी बाजू सोडू नकोस.

तुझी ऋतुजा


अक्कलकोट, १९ फेब्रुवारी २०२५

आदिनाथ, चोरलंस ते चोरलंस, वरचं नाव तरी वाचायचं होतंस रे!

आशीर्वाद देते, पण हात आखडून. साठ वर्षं या घरात शेजारची भांडी येतात. ईरम्माची परात, काशम्माचा तांब्या, नाव बघून ज्याचं त्याला परत. चमचासुद्धा कधी ठेवून घेतला न्हाय. आणि तू आज्जीचं नाव असलेली वस्तू दुकानात मांडून विकलीस.

मला वाटलं, जे हाताला लागत न्हाय ते चोरीला कसं जाईल? म्हणून बघू दे म्हणाले. ती माझी चूक. ऋतुजाच्या कंपनीला तसं लिहून दिलंय, खाली सही केलीय. दवाखान्यातल्या पोरीकडनं टीव्हीचा फोटोबी घेतला. ऋतुजाला सांगितलंय, सोमवारी सायबापुढं सगळं सांगून टाक.

तू त्याआधी पुण्याला पोच. तिनं दिला न्हाय, मी न विचारता घेतला, असं सांग. दवाखान्यातनं तो प्रोग्राम काढ. केस झाली तर डबा मी आणीन, वकील तुझा तू बघ.

आईनं रडून लिहिलेलं नको, बापानं हात जोडलेलं नको. ह्याचं उत्तर तूच द्यायचंस, तुझ्या हातानं, खाली तुझं नाव घालून.

रंभाबाई