आहे त्या रंगाचा फोटो

आई,

तेलाचा डबा कापून केलेला लाइट, थर्माकोलला चांदीचा कागद चिकटवून केलेला रिफ्लेक्टर, तुझ्या पांढरट सुती साडीचा पडदा, बसायचं सागवानी स्टूल. कोथरूडच्या माझ्या स्टुडिओतलं हे सगळं मी हाताने केलं. पडद्याची शिवणसुद्धा माझीच, एक टाका वाकडा नाही. कुणाकडे शिकायला गेलो नाही, हे मी लोकांना जरा जास्तच सांगतो. तू जाऊन पंधरा वर्षं झाली, असतीस तर म्हणाली असतीस, "कळलं, आता जेवायला बस."

मित्राचा कॅमेरा मागून आणला होता, ती सकाळ आठवते. तू ओट्याशी कणीक मळते आहेस, खिडकीतला उजेड एका गालावर आलाय. मी कॅमेरा उचलला तसा तू पिठाचा हात आडवा धरलास. "उजळ करणार असशील तर काढू नकोस." मग पहिल्यांदाच सांगितलंस. स्थळाला पाठवलेल्या तुझ्या फोटोत फोटोग्राफरने तुला गोरं करून टाकलं होतं, आणि आजीने तुला प्रत्यक्ष पाहिलं ते थेट मांडवात. "फोटोतली सून कुठे ठेवलीत?" असं ती पाहुण्यांसमोर हसत का विचारायची आणि तू मुकाट चहा का देत राहायचीस, ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच, त्याच उजेडात तुझा फोटो काढला. तो धुऊन आणला तेव्हा तू लांब धरून पाहिलास. "काळीच आहे," म्हणालीस, "पण बरी आहे की रे!"

कॅमेरे नंतर बरेच बदलले. कॉम्प्युटरवर मीही बसतो, धूळ काढतो, उजेड सावरतो. चेहऱ्याच्या रंगाला हात लावत नाही.

परवा वारज्याहून वधूवर मंडळाच्या बाई काम द्यायला आल्या. चांगल्या आहेत. भिंतीवरचे फोटो त्यांनी मनापासून पाहिले. "अहो, नजर आहे तुम्हाला. फक्त मुली जरा उजळ करून द्या. एक बटण तर दाबायचं."

"मग मुलीला कशाला नेता दाखवायला? बटणच न्या."

हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "सावळ्या मुलीचा फोटो लोक उघडतच नाहीत हो. मी तरी काय करू?"

तरी मी कामाला नाही म्हणालो. घरी अजून सांगितलेलं नाही. तुझ्या सुनेला वाटतंय, बोलणी चालू आहेत. बाई देत होत्या ते असं: मंडळाचे सगळे फोटो माझ्याकडे, नवा कॅमेरा त्यांचा, वर महिना चाळीस हजार.