मोर्स-कीवरचा पांढरा रुमाल

ती. अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. (एरवी हे पद्धत म्हणून लिहितो, या खेपेस शब्दशः घे. उलट काही कानावर आलं तर विश्वास ठेवू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? तीन जिने चढवतील का? विचारण्यात माझा स्वार्थ आहे, तो पुढे येईलच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणतेस (मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी घंटा काही थांबत नाही), आणि हा मुद्दा दोन वाक्यांत मावणारा नाही. मुद्दा असा की गेल्या आठवड्यात मी वारलो.

घाबरू नकोस, आधी ऐक. माझा रेडिओचा नाद तुला ठाऊक आहे. त्यातही आमचा ऑनलाइन ग्रुप फक्त मोर्स-कीवाल्यांचा, म्हणजे ज्या पितळी दांडीवर बोट दाबून टिंब आणि रेघांत बोलतात, त्या दांडीपायी वेडे झालेल्यांचा. रेडिओचा शौक पुष्कळांना असतो. दांडीखालची स्प्रिंग ताठ हवी की सैल, यावर तीन-तीन वर्षं भांडणारे आम्ही मोजकेच. ताठ पक्षाचे पुढारी जहाजावरचे निवृत्त वायरलेस ऑपरेटर, त्यांना सगळे जहाजवाले म्हणतात. सैल पक्षात मी. (पक्षात मी एकटाच आहे, हे वेगळं सांगायला नको.) ग्रुप चालवतात एक दंतवैद्य, आणि नियमांच्या बाबतीत ते कुणाला भूल देत नाहीत. आमच्यात एक रिवाज आहे. ऑपरेटर वारला की घरची माणसं त्याच्या कीवर पांढरं कापड घालून फोटो टाकतात. खाली एक अक्षर लिहायचं नाही. त्याचा हात शांत झाला, एवढं त्यावरून सगळे समजतात.

आता झालं काय, की घरात रंगकाम काढलं. तुझ्या भावजयीने हॉलसाठी निवडलेल्या रंगाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही, पण दिसतो पांढराच. कीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून मी तिच्यावर माझा धुतलेला रुमाल घातला आणि मनात आलं, बाकीचे धुळीसाठी काय वापरतात ते विचारावं. आधी फोटो टाकला. प्रश्न टाइप करायला घेतला, एवढ्यात रंगारी ‘साहेब, बाजूला व्हा’ म्हणून ओरडला आणि फोन हातातून सुटून थेट त्याच्या बादलीत. रिवाज मला आठवायला हवा होता, कबूल. पण माणूस स्वतःच्या रुमालाकडे त्या नजरेने बघत नाही.

दुरुस्त होऊन फोन आला तेव्हा ग्रुपवर माझ्या श्रद्धांजल्यांचा खच पडला होता. कुणीतरी विचारलं होतं, कशाने गेले? कुणीतरी अंदाज केला, हृदयविकार असावा; संध्याकाळपर्यंत तो ‘तीव्र झटका’ झाला. तेव्हापासून माझा डावा हात दुखतोय. डॉक्टर म्हणतात, भिंती घासल्याने दुखतोय. पण एवढ्या माणसांनी एकमुखाने सांगितल्यावर एकट्या डॉक्टरवर किती विसंबायचं? आणि अक्का, जहाजवाल्यांनी लिहिलं होतं: ‘स्प्रिंगच्या बाबतीत त्यांचंच बरोबर होतं. मी हट्टाने मानलं नाही.’ तीन वर्षं या वाक्यासाठी मी जिवाचं रान केलं, आणि ते मिळालं तेही जीव गेल्यावर! सगळ्या श्रद्धांजल्या मी तुझ्या भावजयीला मोठ्याने वाचून दाखवल्या. ‘मृदू स्वभावाचे’ हे शब्द तिने पुन्हा वाचायला लावले आणि नक्की तुमच्याबद्दलच आहे ना, असं विचारलं.

लगेच खुलासा करायला गेलो, तर दंतवैद्यांनी माझं खातं आदरपूर्वक बंद केलेलं. वाचता येतं, लिहिता येत नाही. नवीन खातं काढून स्वतःच्याच नावाने अर्ज केला, तर ‘दिवंगताची अशी थट्टा शोभत नाही’ म्हणून फेटाळला. कुणाचा फोन नंबर नाही. आम्हाला आवाजाची कधी गरजच पडली नाही. रेडिओवरून सांगावं, तर अँटेनाची तार रंगाऱ्याने शिडी बांधायला घेतलेली. आणि येत्या रविवारी दहा वाजता ही सगळी मंडळी घरी येणार आहेत (मागे कुणीतरी स्प्रिंग पाठवली होती, त्यामुळे पत्ता त्यांच्याकडे आहे). तुझ्या भावजयीचं सांत्वन करायचं आणि माझी की योग्य हाती सोपवायची, असं ठरलंय. योग्य हात जहाजवाल्यांचा! घरी नेल्या नेल्या ते स्प्रिंग आवळतील.

तुझी भावजय म्हणते, दार तुम्हीच उघडा, खुलासा आपोआप होईल. अक्का, मला खरंच भीती वाटते. माझ्या दुकानात माणसं चष्मा घेतात, नीट दिसायला लागलं की रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नाहीत. आणि या मंडळींनी मला कधी पाहिलेलं नाही, तरी मी कीवर चार टिंबं दाबली की हात ओळखतात. ज्यांनी माझ्यासाठी डोळे पुसले, त्यांना मी फसवलं असं वाटलं तर? मग मी कुणाशी भांडू? रात्रीची झोप उडालीय.

बाकी ठीक. मेहुण्यांना नमस्कार.

तुझा (हयात) धाकटा

ता. क. रविवारी नऊलाच ये आणि दार तू उघड. भर वर्गाला गप्प करायचा तुझा तो आवाज लाव आणि सांग, की हा नुसता वेंधळा आहे, लबाड नाही.

ता. क. २. कुरिअरवाला काल फिरकलाच नाही, म्हणून पुन्हा लिहितो. आज सकाळी रंगारी काम संपवून गेला. तार सोडवून बांधली आणि न राहवून कीवर हात ठेवला. नाव सांगितलं नाही, फक्त ‘कुणी आहे का?’ एवढंच दाबलं. मग जहाजवाल्यांचा तो जड, सावकाश हात आला: ‘स्प्रिंग अजून सैलच आहे.’ अक्का, मी हमसून हमसून रडलो. मग दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही भांडलो. ‘त्यांचंच बरोबर होतं’ हे वाक्य त्यांनी ग्रुपवरून काढून टाकलंय. मला अतिशय आनंद झालाय.

ता. क. ३. तरी तू येच. जहाजवाल्यांनी साक्ष दिली, पण दंतवैद्य म्हणतात, नुसत्या हातावरून माणूस जिवंत धरायची ग्रुपच्या नियमांत तरतूद नाही. रविवारी जन्मापासून ओळखणारं कुणीतरी समोर उभं करा, मग बघू. तसं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय?