शब्दकोशातली दोन पाकिटं

गुद्रुन,

तू घरी येशील तेव्हा मी इस्पितळात असेन. अँब्युलन्स येईपर्यंत लिहितो आहे.

मला शौचावाटे रक्त जातंय; तो लाल रंग बिटाचा नाही. बीट तू ईस्टरलाच संपवलंस. मूळव्याध असेल असं मी धरून चाललो, कारण घरच्या वैद्यकीय पुस्तकात दिलेल्या कारणांपैकी तेच सर्वांत सौम्य होतं. आपल्या बाबांनीही शेवटपर्यंत तेच धरलं होतं. आज रक्त काळपट होतं आणि जिन्यात घेरी आली. फोनवर नर्सने विचारलं, "किती दिवस?" मी महिने सांगितले, तेव्हा तिने लगेच अँब्युलन्स पाठवली.

आतड्याच्या कर्करोगाच्या सरकारी तपासणीचं, शौचाचा नमुना पाठवायचं पाकीट आलं तेव्हा तू म्हणालीस, "आसगर, नमुना पाठव, नुसतं माहितीपत्रक वाचत बसू नकोस!" पाठवलं, असं मी खोटंच सांगितलं. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात आहे. त्याच्याशेजारी नंतर आलेलं तुझंही आहे. ते पाहून तू माझ्या पाकिटाचं विचारलं असतंस, म्हणून लपवलं.

रविवारी तू घाईघाईने टॉवेल धूत होतीस. पाणी लालसर होतं. विचारायचा मला धीर झाला नाही. रक्त तुझं असेल तर आता पाकीट पाठवण्यात वेळ घालवू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर. माझ्याकडे नंतर ये.

आसगर