खारूचा गट

दि. ४ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बदलीच्या गडबडीत तू तुझ्या लेकीला, खारूला, माझ्याकडे ठेवलंस, ती छान रमली आहे. पण आज माझंच चित्त थाऱ्यावर नाही. तुझ्या शिक्षण खात्याचा वाचनाचा तास आता आमच्याही शाळेत येतोय. तासाभरापुरती इयत्ता विसरायची आणि ज्याला जेवढं वाचता येतं त्या गटात त्याला बसवायचं. ह्या तासाने वाचायला लागलेली मुलं तू दाखवलीस, तेव्हा कुठे आमच्या मुख्याध्यापक बाई राजी झाल्या.

काल चौथीच्या एकेकाला जवळ घेऊन वाचायला लावलं. खारूने धडा घडाघडा म्हटला. मी पान उलटलं, तरी ती तोच धडा म्हणत राहिली. दादा, तिला वाचता येत नाही रे. सगळं पाठ आहे, आणि आपण त्यालाच हुशारी समजत होतो. सोमवारी गट पडतील. तिला दुसरीतल्या मुलांबरोबर अक्षरांच्या गटात बसवावं लागेल. वहिनीला बेताने सांग. रागावलास तरी लोभ असू दे.

तुझी धाकटी

दि. ७ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. उ. आ.

पायाला भिंगरी लागली आहे. निम्म्या शाळा तपासायच्या अजून बाकी. कुठे गट पाडून सगळ्यांना एकच धडा शिकवतात, कुठे माझी गाडी दिसली की घाईघाईने गट पाडतात. अशात साहेबांचीच मुलगी अक्षरं गिरवते हे कळलं, तर मला कोण दारात उभं करील? तू जन्मजात हेडबाई आहेस, तरी एवढं ऐक. तिला मोठ्या गटातच राहू दे, घरी तू शिकव. तुझ्या वहिनीला अजून बोललो नाही. कृपा असावी, बाईसाहेब.

दादा

दि. १६ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

तुझं ऐकलं हे चुकलंच. सुताराच्या मुलाला खालच्या गटात घातलं, तेव्हा त्याचा बाप भांडायला आला होता. मूल जिथे आहे तिथूनच सुरुवात करायची, हे तुझंच बोलणं मी त्याला ऐकवलं. आता तो समोर आला की माझी मान वर होत नाही.

खारू मोठ्या गटात नुसते ओठ हलवत बसायची. परवा माझी पाठ वळली, तेवढ्यात आपणहून उठून अक्षरांच्या गटात जाऊन बसली. काल घरी तिने पाठ नसलेली एक ओळ वाचली. मला रडूच आलं. कौतुकाने जवळ घेतलं, तर घाबरून म्हणाली, की बाबांना सांगू नकोस. दादा, तिला तुझी भीती वाटते. तिला काय सांगू ते तूच कळव. फार संतापले आहे, तरी तुझीच,

धाकटी

दि. १९ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. तिने माझी चांगलीच खरडपट्टी काढली. उद्या शिक्षकांच्या सभेतही सांगणार आहे. खालचा मजकूर तू खारूला वाचून दाखवू नकोस. तिचा तिला वाचू दे, कितीही वेळ लागो. माया पातळ करू नकोस.

दादा

खारू,
आई मजेत आहे. बाबा चुकला. तुझा गट छान आहे. घाई नको. रविवारी येतो. मला वाचून दाखव.