पुसलेल्या खोल्या

खराडी, १२ जानेवारी २००४

ती. पप्पांना मैत्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

एकाच शहरात राहून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही.

शनिवारी कोथरूडला, माझ्या फोटोंच्या प्रदर्शनात, तुम्ही नदीवरच्या धुक्याच्या फोटोपुढे कितीतरी वेळ उभे होतात. आमच्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं, हे कोण? तुमच्या नखांत ऑइलपेंट होता. मी म्हणाले, फ्रेमा लावायला आलेत. तुम्ही ऐकलंत. पुढे होऊन एक फ्रेम सरळ केलीत आणि चहा न घेता निघून गेलात.

लहानपणी विठ्ठलवाडीच्या घाटावर तुम्ही जलरंगांची पेटी उघडून बसायचात. धुकं पांढरं नसतं, नीट बघ, म्हणायचात आणि त्यात जांभळा दिसेपर्यंत मला उठू द्यायचा नाहीत. त्याच बघण्याचं आज कौतुक होतंय, आणि मी तुम्हाला ओळखसुद्धा दिली नाही. जेवण जात नाही. रागवा, पण लिहा.

तुमचीच म्हणवून घ्यायला लाजणारी,
मैत्री

कर्वेनगर, १५ जानेवारी

चि. मैत्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फ्रेम खरंच तिरकी होती, बघवेना.

लागलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बस न पकडता घरी चालत आलो. तीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले, फ्लेक्स आले आणि बहुतेक काम गेलं, तरी या हातांची कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा ते खिशात घातले.

आता फोटोबद्दल. चांगला आहे, म्हणून तर पाय निघेना. पण त्या काठावर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथल्या किराणा दुकानाचा बोर्ड मीच रंगवलाय. फोटोत खोल्या नाहीत. कॉम्प्युटरवर पुसल्यास ना? धुक्यात त्या अंधुक दिसल्या असत्या, तेवढं पुरे होतं.

तुझ्या आईला काही बोललो नाही. ते तू सांगायचं. जेवत जा. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझा पप्पा,
सुखदेव

खराडी, १९ जानेवारी

ती. पप्पांना सविनय जयभीम.

खोल्या मीच पुसल्या होत्या. काल, शेवटच्या दिवशी, मूळ प्रिंट लावला. त्यात खोल्या आहेत, एका दारात चूल पेटवणारी बाईही आहे. एक गृहस्थ म्हणाले, आधीचाच बरा होता.

साहेब आले तेव्हा सांगितलं, ते माझे वडील होते, बोर्ड रंगवायचे, बघायला त्यांनीच शिकवलं. ते गडबडले, बरं बरं म्हणाले. सांगताना माझा आवाज कापला, पप्पा. पश्चात्तापाने नव्हे, ते आता मला काय समजतील या भीतीने. हे नसतं लिहिलं तरी चाललं असतं, पण तुमच्यापासून आता काही लपवायचं नाही.

आज आईला तिच्या ऑफिसबाहेर गाठून सगळं सांगितलं.  ती बसमध्ये खिडकीशी बसली आणि बस सुटेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी घरी येते. तिने दार उघडलं तर बरं. नाही उघडलं तर जिन्यात बसेन.

लोभ आहे म्हणालात, तो असू द्यावा.

तुमची मुलगी,
मैत्री