चावी ठेवली, पण राजीनामा दिला का?

१७ सप्टेंबर, मंगळवार
विसर्जन झालं. पाय सुजले, घसा बसला, आणि मंडळात घटनात्मक पेच. (लॉ कॉलेजातल्या तिवारी सरांचा शब्द. आज पहिल्यांदा कामी आला.)
दरवर्षीचं ठरलेलं आहे. उत्तरपूजा झाली की बाबा, म्हणजे माझे सासरे आणि मंडळाचे अध्यक्ष, हॉलच्या चाव्यांचा जुडगा गणपतीच्या पाटावर ठेवतात. "देवा, आता दुसरा कोणी पाह्य." मग सगळे ओरडतात, "नाही नाही काका, उचला!" मग बाबा नाइलाजाने उचलतात. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हापासून हा नाइलाज पाहते आहे.
यंदा जुनी मंडळी ट्रॅक्टर आला का बघायला बाहेर गेलेली. आत सगळी पोट्टी, त्यांना रीत कुठली ठाऊक. कोणी बोलेना. बाबा वाट बघत उभे. शेवटी सचिव बोंद्रे (पंडरीला कापडाचं दुकान) पुढे झाला, जुडगा उचलून खिशात टाकला आणि म्हणाला, "गणपती बाप्पा..."
मोरया सगळ्यांनी म्हटलं. बाबांनी नाही.

१९ सप्टेंबर
संध्याकाळचा वर्ग. तिसरं सेमिस्टर, पेपर संविधान. मागच्या वेळी यातच आपटले होते. सरांचा नियम: रोज एक बातमी, तिला एक अनुच्छेद. आजची बातमी: कुठल्याशा राज्यात आमदारांनी राजीनामे दिलेत, विधानसभेचे अध्यक्ष स्वीकारून नाही राहिले.
"जेब से निकाला, दे दिया, हो गया? नहीं! अनुच्छेद एक सौ नब्बे. स्पीकर को तसल्ली होनी चाहिए कि अपनी मर्जी का है और असली है."
मी हात वर केला. "सर, और चाबी रखी हो तो?"
वर्ग हसला, सर नाही. सगळी कथा सांगावी लागली. "मैडम, आपको प्रोजेक्ट मिल गया."
घरी जेवताना हे बोलून बसले. बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे लेखी पाह्यजे ना? माह्या कुठं लेखी होता!" दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गणपती गेल्यापासून धड जेवले नव्हते.

२१ सप्टें., शनिवार
बोंद्रे घरी आला. बाबांनी त्याला एकशे नव्वद ऐकवलं, मुद्दाम दोनदा. त्याने शांतपणे चहा फुंकला.
"हव काका, बरोबर. पण मंग आजवर एकही राजीनामा लेखी नव्हता. म्हणजे तुम्ही कधी सोडलंच नाही. सोडलं नाही तं परत निवडून कवा आले? बिना चुनाव के चल रहे हो आप तो."
बाबांचा चहा बशीतच निवला. खरं सांगते, मला त्याचा हेवा वाटला. मी इतका अभ्यास करून राहिले, मला हे का नाही सुचलं?

२४ सप्टें.
बाबांनी स्टे मिळवला. पितृपक्षात कसला निर्णय नको. बोंद्रे म्हणे, "काहून? हे कोणतं शुभकार्य हाये?" पण मंडळातल्या बायका बाबांच्या बाजूने. सभा ६ तारखेला.
तोवर हॉल बंद. बाबा रोज सकाळी सवयीने आंघोळ करून, टोपी घालून हॉलच्या फाटकापर्यंत जातात. मग परत येतात आणि पेपर उघडतात. मला बघवत नाही.

२९ सप्टें., रविवार
पेपरात बातमी: आमदारांना रिसॉर्टवर हलवलं. बाबा मोठ्याने वाचत होते, तेवढ्यात फोन. बोंद्रे चार कुटुंबं घेऊन गंगरेल धरणावर गेला.
"रिसॉर्ट!" बाबा उठून उभे. "पळवून नेले!"
माझी पोरगी सई म्हणाली, "आजोबा, पिकनिक है."
"सुरुवात पिकनिकनंच होते!"
संध्याकाळी कुळकर्णी वहिनी येऊन बोंद्रेच्या बायकोच्या दहीवड्यांचं कौतुक करून गेल्या. बाबांच्या हिशेबी मत गेलं. विनय (नवरा, रेल्वेत, बिलासपूरला, रविवारपुरता घरी) म्हणाला, "मी तटस्थ," आणि झोपला.

१ ऑक्टो.
दोन्ही पक्षांचं एकमत झालं, आणि ते माझ्यावर. मंडळात कायदा शिकणारी मी एकटी, म्हणून निर्णय मी द्यायचा. नापास झालेली स्पीकर! म्हटलं, मी तर घरचीच, निष्पक्ष कशी राहणार? बोंद्रे म्हणाला, "स्पीकर बी तं पक्षाचाच असते ना, वहिनी."
भीती वाटते. मागच्या वर्षी तोरण बांधताना बाबा शिडीवरून पडले. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं. आता सोडावं त्यांनी, असं मला मनापासून वाटतं. पण चावी गेली तर हा माणूस टोपी घालून जाणार कुठे? आणि निकाल काहीही दिला तरी सकाळचा चहा मलाच नेऊन द्यायचा आहे.

३ ऑक्टो.
सरांना विचारलं. "सीधी बात है. स्पीकर जाँच करे. जिसने दिया, उसी से पूछो."
इतकं सोपं, आणि इतक्या दिवसांत एकाही माणसाने बाबांना विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.

५ ऑक्टो., शनिवार
विचारलं. बाबा ओट्याशी स्टुलावर बसून लसूण सोलत होते.
"बाबा, स्पीकर म्हणून विचारते. चावी मनापासून ठेवली होती का?"
वाटलं, हसतील. नाही हसले.
"कोणत्या वर्षीची?"
मी गॅस बारीक केला.
"तुही सासू गेली त्या वर्षी मनापासून ठेवली होती. म्हटलं, बस झालं, घरी बसाव. सगळे ओरडले, उचला काका, उचला. उचलली." आणखी दोन पाकळ्या सोलल्या. "त्या साली असं कोणी विचारलं नाही."
मी म्हटलं, "आणि यंदाची?"
सोललेल्या लसणाची वाटी माझ्याकडे सरकवली. "उद्या सभेत विचारजो. सगळ्यांसमोर. पाह्यतो, कोणी उचला म्हणते का."
एकशे नव्वदमध्ये हे कुठे बसतं ते सरांना विचारायला हवं होतं. पण सभा उद्याच आहे.
आत्ता बोंद्रेचा फोन येऊन गेला. आवाज जरा नरम. "वहिनी, उद्या चाव्या घेऊन येतो. कोणाकडे देऊ?"
कोणाकडे देऊ नका म्हटलं. पाटावर ठेवा.